न्हाणीतला वाळा होनोलुलूला कसा पोचला

मागच्या आठवड्यात सकाळी चहा पिताना आतेबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. ती लग्न झाल्यापासून हवाई बेटांवर होनोलुलूला असते, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे, त्यामुळे तिच्याकडचं सगळं मला कालचंच मिळतं. फोटोत कुंडीतली माती पेपरावर ओतलेली आणि त्यात बुटाच्या नाडीपेक्षा बारीक, काळं, चकचकीत काहीतरी वळवळतंय. खाली मेसेज: "हा गांडूळ आहे की साप रे? इथे साप नसतात म्हणे! कुणाला कळवायचं??"

मला हसूच आलं. अगो, हा तर वाळा, म्हणजे सापच, पण गरीब! (माठात टाकतो तो वाळा नव्हे.) गोव्यात डिचोलीला आमच्याकडे मिरग लागून दोन दिवस नीट पाऊस पडला की बिळांत पाणी शिरतं आणि हे न्हाणीच्या मोरीतून वर येतात. आई केरसुणीने सुपलीत घेते आणि मागे माडाच्या आळ्यात टाकून येते, आणि दर वेळी एकच वाक्य, "सांभाळ, कानात जातो तो." कुणाच्या कानात गेला असं विचारलं की माहेरच्या गावचा कोणीतरी निघतो ज्याचं नाव तिला आजवर आठवलेलं नाही. वाळ्याला विष नाही, तोंड एवढंसं की चावायचं म्हटलं तरी आपल्याला चावता येणार नाही, खातो काय तर मुंग्यांची आणि वाळवीची अंडी नि अळ्या. डोळे म्हणजे खवल्याखाली दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. गांडुळाला अंगभर वळ्या असतात, याला नाहीत, आणि नीट बघितलं तर जीभ बाहेर काढतो, तेवढ्यावरून ओळखायचं.

बहिणीची घाबरगुंडी मात्र अगदीच उगाच नव्हती. हवाईला जमिनीवरचा मूळचा साप एकही नाही, समुद्रात आहे तेवढाच. तिथे साप पाळताना सापडलात तर दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंग. बिचारी तुळस लावायला गेली आणि डोक्यात हे दोन लाख डॉलर!

पण गंमत म्हणजे हा वाळा होनोलुलूत तिच्याही कितीतरी आधी स्थायिक झालेला आहे. १९३० साली तिथल्या कामेहामेहा शाळेच्या आवारात तो पहिल्यांदा सापडला, फिलिपिन्सहून आणलेल्या झाडांच्या मुळांच्या मातीतून आला होता. फिलिपिन्सलाही तो मूळचा नव्हेच, मूळ आपल्या भारत-श्रीलंकेकडचं मानतात. १८०३ मध्ये दोदाँ नावाच्या फ्रेंच माणसाने याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'ब्रामिनस' असा शब्द आहे, आणि ते ज्या वर्णनावरून दिलं तो साप विशाखापट्टणमचा होता. आज जमिनीवरच्या सापांत सगळ्यात जास्त जगभर पसरलेला साप कुठला, तर नाग नाही, अजगर नाही, आमच्या मोरीतला हा वीतभराचा वाळा! मायामीत आहे, आफ्रिकेत आहे, पॅसिफिकमधल्या बारक्या बारक्या बेटांवर आहे. इंग्रजीत त्याला चक्क फ्लॉवरपॉट स्नेक म्हणतात, कुंडीतला साप, कारण प्रवास सगळा कुंड्यांतून.

आता एक साप मातीतून गेला म्हणून काय झालं, एकटा किती दिवस जगणार, असं मलाही वाटायचं. तर यांच्यात नर नसतोच. आजवर सापडलेले सगळे वाळे माद्या. आपण 'तो वाळा' म्हणतो ते व्याकरणापुरतं. गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, अंडी फळायला नराची गरज नाही, पिल्लं सगळी मुली आणि सगळ्या आईची हुबेहूब नक्कल. म्हणजे एका कुंडीत एक मादी गेली की झालं, शहरभर वंश. आईला हे सांगितलं तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "बरं आहे, हुंड्याची कटकट नाही."

याचं कुणाला फार वाईट वाटत नाही कारण हा गरीब आहे. हवाईत त्याला निरुपद्रवीच मानतात. ते ज्याला घाबरतात तो वेगळा, पॅसिफिकमधल्या ग्वाम या अमेरिकेच्या बेटावरचा तपकिरी झाडसाप. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तो तिथे पोचला आणि त्याने जंगलातले मूळचे बहुतेक पक्षी संपवले, वर विजेच्या तारांवर चढून बत्ती घालवतो ते वेगळंच. (बत्ती जायला आम्हाला साप लागत नाही, दोन थेंब पाऊस पुरतो.) त्याला मारायला अमेरिकेने मेलेल्या उंदरांत पॅरासिटामॉल भरून ते हेलिकॉप्टरमधून जंगलात टाकले, ८० मिलिग्रॅम त्या सापाला पुरतं. आपण तापाला घेतो ती गोळी ५०० ची असते.

काजू, मिरची, अननस हे सगळं पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलं हे आपण शाळेपासून ऐकतो, पण इथून काय काय गेलं त्यात हा वाळा माझ्या कधी डोक्यात आला नव्हता. आणि गेला तरी कोणी मुद्दाम पाठवला नाही, मुळांना चिकटलेल्या मातीतून गेला. मी स्वतः म्हापशाच्या बाजारातून दर पावसात रोपं आणतो, अबोली, जास्वंद, मिरचीची, कधी एकदा तरी माती झाडून बघितली आहे का? नाही.

बहिणीला हे सगळं लांबलचक व्हॉइस मेसेज करून सांगितलं. तिने त्याला (तिला!) परत कुंडीत सोडलं आणि निवांत झोपली. काल परत फोटो, तुळशीला बरीच रोपं आली होती म्हणून दोन मैत्रिणींना दिली म्हणे, एक तर विमानाने दुसऱ्या बेटावर नेणार आहे. फोटोत रोपं छान दिसताहेत, खाली मुळांना मातीचा हा एवढा गोळा.