मनगट मोडलं, आजार मणक्यात सापडला

मुंबईत पावसाळ्यात ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलेली एक तरी बाई प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडते. प्लास्टर, मग फिजिओ, कॅल्शियमच्या गोळ्यांची एक पट्टी, की प्रकरण मिटलं. माझंही तिथेच मिटणार होतं. ज्यांनी प्लास्टर घातलं त्यांनी हाड सरळ जोडून दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते मोडलंच का, हे कोणी विचारलं नाही.

विचारलं ते पार्ल्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, मी थायरॉइडची गोळी लिहून घ्यायला गेले तेव्हा. "कुठून पडलात, काकू?" कुठून म्हणजे काय, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाय सरकला आणि हात टेकला. त्यावर ते म्हणाले की उभ्याने पडून साठीतल्या बाईचं हाड मोडलं, तर हाडांचा ठिसूळपणा तपासलाच पाहिजे. मग त्यांनी बरंच विचारलं. पाळी कितव्या वर्षी थांबली, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड कधी महिनोन्‌महिने घेतलं का, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का. आईचा मोडला होता. त्याआधी कित्येक वर्षं ती पाठीतून वाकत चालली होती आणि आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. त्या वाकण्यामागे चेपलेले मणके असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं, आणि आईसाठी फार वाईट वाटलं.

शेवटी त्यांनी मला भिंतीपाशी उभं करून उंची मोजली. १५२ सेंटिमीटर. नोकरीला लागतानाच्या मेडिकलच्या कागदावर १५६ आहे, तो कागद माझ्याकडे अजून आहे. चार सेंटिमीटर गेले कुठे, याचं उत्तर मिळायला पुढचे काही आठवडे लागले.

त्यांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, लिहून दिला. सोसायटीच्या हॉलमधल्या शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून मला 'ठीक आहे' असं सांगितलेलं होतं, तो कागदही मी दाखवला. ती टाचेची तपासणी अल्ट्रासाउंडची असते. धोक्याचा अंदाज तिच्यावरून येऊ शकतो, पण टी-स्कोरचे, म्हणजे हाडांच्या घनतेच्या गुणांकाचे, ठरलेले निकष तिच्या आकड्याला लावता येत नाहीत. त्यासाठी मणका आणि खुबा यांचा डेक्साच लागतो. सेंटरला फोन करताना हे नेमकं विचारून घ्या, कारण 'बीएमडी', म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, 'करतो' म्हणणारे काही जण टाचेचीच करतात.

तयारी थोडीच असते. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही. नुकतीच बेरियमची किंवा रंगद्रव्य टोचून सीटीची तपासणी झाली असेल तर आधी सांगायचं, कारण ते अंगात असेल तर आकडे चुकतात. कपड्यांना धातूची बटणं, हूक, चेन नकोत. मी लोकलने दादरला गेले, दुपारी, गर्दी उतरल्यावर. बंद नळीत जावं लागेल या भीतीने माझी झोप उडाली होती, पण तसं काही नाही. साधं उघडं टेबल असतं. मणक्यासाठी पाय एका चौकोनी ठोकळ्यावर ठेवून झोपवतात, खुब्यासाठी पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधतात, आणि वरून एक दांडा हळूहळू सरकत जातो. टोचणं नाही, दुखणं नाही. एक्स-रे किरण असतात, पण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. माझं डावं मनगट मोडलेलं म्हणून त्यांनी उजवा हातही घेतला. पाव तासात मी बाहेर होते.

रिपोर्ट हातात आला आणि खरी कसोटी तिथून सुरू झाली. हिरवा, पिवळा, लाल पट्टा, त्यावर एक ठिपका, आणि आकड्यांचं कोष्टक. टी-स्कोर म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी केलेली तुलना. झेड-स्कोर म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी. पाळी थांबलेल्या बाईने टी-स्कोर पाहायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली जे निकष दिले तेच आजही चालतात: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायची सुरुवात, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझा मणका उणे १.७, खुब्याची मान उणे २.३. खाली ठळक अक्षरात 'ऑस्टिओपेनिया'. मुलगा म्हणाला, "आई, आजार नाहीये, सुरुवात आहे फक्त." सून म्हणाली, दूध वाढवूया. त्यांना दिलासा वाटला, मलाही वाटला.

हाडांच्या डॉक्टरांना मात्र तो वाटला नाही. त्यांनी ठळक अक्षरं सोडून कोष्टक वाचलं. एल-१ ते एल-४ या कंबरेच्या चार मणक्यांपैकी एल-१ बाकीच्या तिघांपेक्षा चांगलाच घट्ट दिसत होता. त्यांनी पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला लावला. एल-१ पुढच्या बाजूने चेपलेला निघाला. घटलेल्या उंचीचं उत्तर इथे होतं. मशीन हाडातलं खनिज दर चौरस सेंटिमीटरला किती आहे ते मोजतं. मणका दबला की तेवढंच खनिज कमी जागेत मावतं, आकडा वर जातो आणि मोडलेला मणका मजबूत भासतो. वयाबरोबर मणक्याला फुटणाऱ्या हाडाच्या कडाही आकडा असाच फुगवतात. म्हणून एल-१ वगळून सरासरी पुन्हा काढली, ती उणे २.१ आली. पण डॉक्टर म्हणाले, आता आकड्याचा प्रश्नच उरलेला नाही. पडझड नसताना मणका चेपला असेल, तर टी-स्कोर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच.

दोन वर्षांपूर्वी गॅस सिलिंडर सरकवताना पाठीत उसण भरली होती. शेकून, मलम लावून काढली. बहुधा तीच ती. मणका चेपतो तेव्हा कित्येकींना एवढंच होतं, काहींना तेवढंही नाही.

हे इतकं खोलात सांगतेय, कारण 'ऑस्टिओपेनिया' हा शब्द वाचून फायली बंद होतात. हाडं मोडणाऱ्यांमध्ये उणे २.५ च्या अलीकडचे लोक पुष्कळ असतात. उंची घटली असेल किंवा किरकोळ पडून हाड मोडलं असेल, तर रिपोर्टसोबत हे डॉक्टरांना सांगाच, मणक्याचा एक्स-रे हवा का असंही विचारा.

औषधाआधी रक्ततपासण्या झाल्या: कॅल्शियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइड, पॅराथायरॉइड, ड जीवनसत्त्व. ड फारच कमी निघालं. एवढ्या उन्हाच्या शहरात हे कसं, तर आमच्या खिडकीसमोर दुसरी बिल्डिंग आहे, आणि बाहेर पडणं सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीला. आधी ते भरून काढलं, दाढेचं राहिलेलं काम उरकलं, कारण या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचं हाड भरत नाही. मग अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, हाडांची झीज रोखणारी गोळी, आठवड्यातून एकदा. रविवारी अनशापोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. चहा, थायरॉइडची गोळी सगळं त्यानंतर. कॅल्शियम जेवणासोबत, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. वेळापत्रक फ्रिजवर लावलंय आणि नातू ते मला वाचून दाखवतो.

बागेतल्या योगवर्गात पश्चिमोत्तानासन आणि कंबरेतून पुढे वाकायची सगळी आसनं बंद, कारण चेपलेल्या मणक्यावर तोच भार येतो. चालणं, जिने चढणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं चालू. बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवला, सुटी पायपुसणी काढून टाकली. नाचणी, तीळ, ताक आमच्याकडे आधीपासून होतंच, पण मोडणारं हाड नुसत्या खाण्याने थांबत नाही, हे मी आता मैत्रिणींना आग्रहाने सांगते.

दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा आहे, त्याच सेंटरला, त्याच मशीनवर. वेगळ्या मशीनचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. त्याआधी जाऊबाईंचा नंबर लावलाय. बेचाळिसाव्या वर्षी त्यांची गर्भपिशवी अंडाशयांसकट काढली, म्हणजे पाळी लवकरच थांबली, तेव्हापासून हाडांचा विषय एकाही डॉक्टरने काढलेला नाही. त्यांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे, आणि कॅल्शियमची गोळी गुरुवारी घेऊ नका, असं मी फोन करून बजावलंय.