प्रॉक्सीमागची कनेक्शन्स: पोर्ट का संपतात, सेशन का वाया जातं

एनजिनएक्स हा प्रॉक्सी ग्राहकांच्या विनंत्या मागच्या सर्व्हरकडे, म्हणजे बॅकएंडकडे, पोचवतो. कधी त्याच्या एरर लॉगमध्ये ‘कनेक्ट फेल्ड, ९९, कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ अशी ओळ दिसू लागते. सीपीयू निवांत असतो, मेमरी मोकळी असते, बॅकएंडही ठणठणीत असतो, तरी काही विनंत्यांना ५०२, म्हणजे बॅकएंडकडून नीट उत्तर न मिळाल्याचा एरर, मिळत राहतं. याचा अर्थ प्रॉक्सीकडे बाहेर जायला पोर्टच, म्हणजे कनेक्शनला लागणारा क्रमांकच, उरलेला नाही. अशा वेळी पहिला हात कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सेटिंगला लावायचा मोह होतो. तो आवरावा. आधी कनेक्शन्स पुन्हा वापरली जातात का ते बघायचं, पोर्ट मोजायचे ते नंतर.

हिशोब मात्र आधीच समजून घेतलेला बरा. टीसीपी कनेक्शनची ओळख चार गोष्टींनी ठरते: आपला आयपी, आपला पोर्ट, समोरचा आयपी, समोरचा पोर्ट. प्रॉक्सीचा आयपी एक आणि बॅकएंडचा आयपी-पोर्टही एकच असेल, तर बदलायला उरतो फक्त आपला पोर्ट. लिनक्समध्ये त्यासाठीची मूळ मर्यादा ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. जी बाजू कनेक्शन आधी बंद करते तिच्याकडे ते टाइम-वेट या बंद झाल्यानंतरच्या अवस्थेत ६० सेकंद पडून राहतं, आणि तेवढा वेळ पोर्ट अडतो. एनजिनएक्स उत्तर पूर्ण मिळालं की बहुतेकदा स्वतःच बंद करतो, म्हणून हे ओझं प्रॉक्सीच्या माथी येतं. २८,२३२ भागिले ६०: सेकंदाला सुमारे ४७० नवी कनेक्शन्स. एका बॅकएंडसाठी तुमची कमाल एवढीच, मशीन कितीही दणकट असो.

हे ६० सेकंद कर्नलच्या कोडमध्येच पक्के आहेत. ‘टीसीपी फिन टाइमआउट’ कमी केल्याने ते घटत नाहीत. ती सेटिंग फिन-वेट-२ या वेगळ्या अवस्थेची आहे. हा गैरसमज इतका पसरलाय की जुन्या सर्व्हरच्या सिसकंट्रोल फाइलमध्ये ती ओळ हटकून सापडते.

आता पुनर्वापर. आज बहुतेक सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्त्यांत एनजिनएक्स बॅकएंडशी एचटीटीपी १.० मध्ये बोलतो आणि ‘कनेक्शन: क्लोज’ हेडर पाठवतो, म्हणजे प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन. ते थांबवायला तीन गोष्टी एकत्र लागतात: अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये (जिथे बॅकएंडची यादी असते) ‘कीपअलाइव्ह’ आणि त्यापुढे आकडा, ‘प्रॉक्सी एचटीटीपी व्हर्जन’ १.१, आणि ‘कनेक्शन’ हेडर रिकामं. तीनपैकी एक राहिली तर एररही येत नाही आणि फायदाही होत नाही. ‘लीस्ट कनेक्शन’सारखी वाटप पद्धत वापरत असाल तर ती ‘कीपअलाइव्ह’च्या वर लिहा.

सगळं लिहूनही पुनर्वापर होत नसेल तर दोन जागा तपासा. पहिली म्हणजे हेडरचा वारसा. सर्व्हर ब्लॉकमध्ये ‘कनेक्शन’ रिकामं केलंत आणि आतल्या लोकेशनमध्ये, म्हणजे ठरावीक पत्त्यांपुरत्या ब्लॉकमध्ये, दुसरं एखादंच ‘प्रॉक्सी सेट हेडर’ लिहिलंत, तर वरची सगळी हेडर्स त्या लोकेशनपुरती गळून पडतात. दुसरी जागा वेबसॉकेटसाठी (सतत उघडं राहणारं दुतर्फी कनेक्शन) सर्रास चिकटवला जाणारा मॅप, म्हणजे एका किमतीवरून दुसरी ठरवणारा तक्ता. त्यात ‘अपग्रेड’ हेडर रिकामं असेल तर किंमत ‘क्लोज’ अशी लिहिलेली असते. वेबसॉकेट छान चालतं, बाकीच्या प्रत्येक साध्या विनंतीचं कनेक्शन मात्र तुटतं. तिथे ‘क्लोज’ऐवजी रिकामी किंमत लिहा.

‘कीपअलाइव्ह’चा आकडा ही एकूण कनेक्शन्सची मर्यादा नव्हे. एनजिनएक्सच्या एका वर्कर प्रोसेसने (विनंत्या हाताळणाऱ्या एका प्रतीने) किती रिकामी कनेक्शन्स राखून ठेवायची, एवढंच तो सांगतो. समजा, सेकंदाला ३,००० विनंत्या आहेत आणि बॅकएंड सरासरी ४० मिलिसेकंदांत उत्तर देतो. मग एका वेळी चालू असतात ३,००० गुणिले ०.०४, म्हणजे १२०. आठ वर्कर असतील तर प्रत्येकी १५. पण वाटणी कधीच समसमान होत नाही आणि गर्दी लाटांनी येते, म्हणून ३२ किंवा ६४ ठेवावा. ८ ठेवलात तर लाट ओसरल्यावर जादाची कनेक्शन्स एनजिनएक्स बंद करतो, पुढच्या लाटेला पुन्हा उघडतो, आणि टाइम-वेटचा ढीग परत उभा राहतो. उलट टोकही बरं नाही. बॅकएंड प्रीफोर्क अपाची असेल तर प्रत्येक रिकामं कनेक्शन एक प्रोसेस अडवून बसतं. ६४ गुणिले ८ वर्कर म्हणजे ५१२ होतात, आणि प्रीफोर्कची मूळ मर्यादा २५६ आहे.

कीपअलाइव्ह सुरू केल्यावर अधूनमधून येणारे ५०२ ही सगळ्यात चिवट अडचण. रिकामं कनेक्शन बॅकएंडने बंद करायला घेतलं आणि नेमकी त्याच क्षणी प्रॉक्सीने त्यावर विनंती टाकली, की समोरून रीसेट येतो. रिकामं कनेक्शन राखायची मुदत नोड.जेएसच्या बॅकएंडमध्ये बराच काळ मुळात ५ सेकंद राहिली आहे, पायथनच्या गनिकॉर्न सर्व्हरमध्ये २ सेकंद, आणि एनजिनएक्सच्या अपस्ट्रीमची ६०. म्हणजे बॅकएंड नेहमीच आधी बंद करणार. गेट (फक्त माहिती मागणारी) विनंती एनजिनएक्स निमूटपणे पुन्हा पाठवतो, त्यामुळे काही जाणवत नाही. पोस्ट (माहिती पाठवणारी) विनंती मात्र दोनदा जाऊ नये म्हणून तो ती पुन्हा पाठवत नाही, आणि फटका बसतो नेमका ऑर्डर, पेमेंट, फॉर्म यांना. नियम एकच: रिकामं कनेक्शन आधी प्रॉक्सीने सोडायचं. बॅकएंडची मुदत ७५ सेकंद करा, किंवा अपस्ट्रीम ब्लॉकमधला ‘कीपअलाइव्ह टाइमआउट’ बॅकएंडपेक्षा कमी ठेवा. याच नावाची सेटिंग ग्राहकांच्या बाजूलाही आहे; ती बदलून इथे काही होत नाही. गनिकॉर्नचा सिंक वर्कर तर कनेक्शन राखतच नाही, त्यासाठी थ्रेडवाला वर्कर लागेल.

बॅकएंडपर्यंत टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) असेल तर नवं कनेक्शन आणखी महाग पडतं. टीएलएस १.२ मध्ये पूर्ण हँडशेकला, म्हणजे सुरुवातीच्या ओळखपाळखीला, दोन फेऱ्या लागतात; जुनं सेशन, म्हणजे आधीच्या ओळखीची नोंद, चाललं तर एक. १.३ मध्ये दोन्ही वेळा एकच फेरी लागते, पण सेशन चाललं तर सर्टिफिकेट आणि सहीचं गणित वाचतं. एनजिनएक्समध्ये सेशनचा पुनर्वापर मुळात सुरूच असतो, तरी तो तीन कारणांनी वाया जातो. अपस्ट्रीमला ‘झोन’ (सगळ्या वर्करना सामायिक मेमरी) दिला नसेल तर प्रत्येक वर्कर आपापलं सेशन वेगळं ठेवतो. ‘प्रॉक्सी पास’मध्ये व्हेरिएबल घालून डोमेन ऐनवेळी शोधत असाल, तर ना कीपअलाइव्ह मिळतं ना सेशन जपलं जातं. हे कित्येक ठिकाणी नकळत झालेलं असतं, कारण डीएनएस बदल पकडायला व्हेरिएबलची युक्ती सर्रास वापरतात. तिसरं कारण समोरच्या बाजूचं: लोड बॅलन्सरमागे चार सर्व्हर आणि प्रत्येकाची तिकीट-की (सेशनची तिकिटं बनवायची गुप्त किल्ली) वेगळी असेल, तर एकाने दिलेलं तिकीट दुसरा नाकारतो.

एवढं करूनही पोर्ट कमी पडत असतील तर मग कर्नलकडे वळा. मर्यादा १०२४ ते ६५५३५ केली की ६४,५१२ पोर्ट मिळतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १,०७५ कनेक्शन्स. पण ८०८० किंवा ५४३२ असे तुमचे ऐकणारे पोर्ट राखीव यादीत टाका, नाहीतर सेवा रीस्टार्ट करताना तिचाच पोर्ट एखाद्या बाहेर जाणाऱ्या कनेक्शनने घेतलेला सापडेल. ‘टाइम-वेट रियूज’ १ केलं की बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला तो पोर्ट एका सेकंदानंतर परत वापरता येतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना टीसीपी टाइमस्टँप सुरू हवेत. ‘टाइम-वेट रिसायकल’ मात्र कुठे लिहिलेलं दिसलं तर काढून टाका. नॅटमागच्या, म्हणजे एकच आयपी वाटून घेणाऱ्या, ग्राहकांची कनेक्शन्स ते पाडत असे आणि लिनक्स ४.१२ पासून ते कर्नलमध्येच नाही.

त्यापुढचा उपाय म्हणजे मशीनला जादा आयपी देणं आणि ‘स्प्लिट क्लायंट्स’ने विनंत्या ‘प्रॉक्सी बाइंड’मधून त्यांवर वाटणं. चार आयपी म्हणजे चौपट पोर्ट. यासाठी लिनक्स ४.२ किंवा पुढचं आणि फार जुनं नसलेलं एनजिनएक्स हवं. त्याआधी बाइंड करतानाच पोर्ट पक्का होत असे, समोर कोण आहे हे न बघता, त्यामुळे सगळे बॅकएंड मिळून एकाच साठ्यातून खात. बॅकएंड त्याच मशीनवर असेल तर यातलं काहीच नको. युनिक्स सॉकेट वापरा, तिथे पोर्टच लागत नाही.

परिणाम मोजायला ॲक्सेस लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम कनेक्ट टाइम’ छापा. टीएलएस हँडशेकचा वेळही त्यातच धरलेला असतो, आणि जुनं कनेक्शन वापरलं गेलं तर तिथे ०.००० येतं. बदलाआधी आणि नंतर दहा मिनिटांच्या लॉगमध्ये ०.००० असलेल्या ओळी मोजा, आणि सोबत ‘एसएस’ कमांडने त्या बॅकएंडकडची टाइम-वेट कनेक्शन्स. शून्यांचं प्रमाण वाढलं पण टाइम-वेट तेवढेच राहिले, तर बहुधा एखाद्या लोकेशनमध्ये हेडर गळालेलं आहे. लॉग लोकेशननुसार वेगळा करा.