आरोपी वेडा होता का? वर्गातला खटला आणि त्यानंतरचा निबंध

अकरावीच्या पोरांना 'कथेबद्दल तुमचं मत पटवून द्या' म्हटलं की बहुतेक जण कथाच परत सांगतात आणि शेवटी 'म्हणून मला असं वाटतं' चिकटवून मोकळे होतात. म्हणून मी आधी खटला चालवते, लिहायला नंतर देते.

कथा एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाची, 'द टेल-टेल हार्ट', १८४३ची, जेमतेम चार-पाच पानं. निवेदक एका म्हाताऱ्याला मारतो, का तर त्याचा गिधाडासारखा डोळा सहन होत नाही, मग तुकडे करून फळ्यांखाली लपवतो, पोलीस येतात तेव्हा त्याला मेलेल्याच्या काळजाची धडधड ऐकू यायला लागते आणि हा स्वतःच ओरडून कबुली देतो. खून केला का यावर वादच नाही, म्हणून तर ही कथा घेते. वाद एवढाच की तो वेडा होता का.

आणि गंमत म्हणजे त्याच १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, तो वेडाच्या मुद्द्यावर सुटला, त्यावरून गदारोळ झाला आणि त्यातून जो नियम ठरला त्याच धर्तीवर आपल्या आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम ८४ आलं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते २२ आहे. नुसतं डोकं फिरलेलं असून चालत नाही, कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चुकीचं, बेकायदेशीर आहे हेच कळत नव्हतं असं दाखवावं लागतं, तेही आरोपीनेच. एवढं फळ्यावर लिहायचं. बाकी 'ऑर्डर ऑर्डर', काळा कोट वगैरे पोरं पिक्चरमधून आणतातच, त्याला मी फार वेळ देत नाही.

माझा नियम एकच, पुरावा म्हणजे पानावरची ओळ, वाचून दाखवता आली नाही तर बाद.

मग खरी मजा येते. बचाव पक्ष म्हणतो, मेलेल्याचं काळीज ऐकू येतं म्हणजे वेडाच की! सरकारी वकील म्हणतात, ते खुनानंतरचं, कलम खुनाच्या वेळचं विचारतंय. मग बचाव पक्षवाले पानं उलटत मागे जातात आणि त्यांना सापडतं की म्हातारा जिवंत असतानाच, खोलीच्या दारातूनच याला त्याची धडधड ऐकू येत होती. टाळ्या! पण सरकारी बाजूची एक मुलगी शांतपणे पुढचंच वाक्य वाचते, हा आवाज शेजाऱ्याला ऐकू जाईल अशी त्याला भीती वाटली. चूक आहे हे कळत नव्हतं तर शेजाऱ्याला कशाला घाबरला? आता तीच धडधड दोघांचा पुरावा, आणि 'मग याचा अर्थ काय लावायचा' हे पोरांना सांगावंच लागतं. निबंधात नेमका हाच भाग गायब असतो, ओळ कोट करतात आणि पुढे पळतात.

निकाल मी त्या दिवशी देत नाही. घरी लिहून आणायचं ते वकिलाचं शेवटचं भाषण, पण विरुद्ध बाजूचं, म्हणजे जो बचावासाठी भांडला त्याने आरोपीविरुद्ध लिहायचं. आरडाओरडा होतो, 'मॅडम हे चीटिंग आहे' वगैरे, पण समोरच्याने कुठे पकडलं होतं ते पक्कं लक्षात असतं आणि 'बचाव पक्ष म्हणेल की..., पण...' असे पॅरे न सांगता येतात. कथा परत सांगायला त्यांना जागाच उरत नाही. काही जण मात्र प्रत्येक पॅऱ्याची सुरुवात 'मी लॉर्ड'नेच करतात, त्याचे मार्क मी कापत नाही.