वायफाय येईना? आधी एलएसपीसीआय

विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि वायफाय गेलं, ही तक्रार हल्ली माझ्याकडे फार यायला लागली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुनी मशिनं विंडोज ११ घेत नाहीत आणि चालता लॅपटॉप फेकून देणं जिवावर येतं. मग घरातलं कुणीतरी पेनड्राइव्हवर मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घेऊन येतं.

आमच्या साडूंचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. तिथल्या हिशेबाच्या लॅपटॉपवर त्यांच्या पोरानं मिंट टाकलं. आवाज, प्रिंटर, ब्लूटूथ सगळं व्यवस्थित. फक्त कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर दाबलं की वायफायचं नावच नाही. बंद आहे असंही दाखवत नव्हतं. साडूंनी निकाल देऊन टाकला होता, "अण्णा, कार्ड उडालं वाटतं. नवी पेठेत दाखवून येऊ का?"

म्हटलं, थांबा जरा. लोक इथंच घाई करतात. कुठून तरी चार आज्ञा उचलायच्या, एकामागून एक चिकटवायच्या, आणि शेवटी कशानं काय बिघडलं तेच कळत नाही. ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव काढायच्या आधी मशीनला कार्ड दिसतंय का, एवढंच बघायचं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एलएसपीसीआय, मग जागा सोडून डॅश एनएनके. मशीनमध्ये बसवलेल्या कार्डांची लांबलचक यादी येते, त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' शोधायचं. त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन क्रमांक असतात, पहिला चिप बनवणाऱ्याचा आणि दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. (बाहेरून लावायचा यूएसबी डोंगल असेल तर एलएसयूएसबी. तो या यादीत येत नाही.)

"काका, हे तर दिसायलंय की!" पोरगं ओरडलं. ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, क्रमांक १४ई४:४३६५. म्हणजे नवी पेठेची चक्कर वाचली. कार्ड जिवंत होतं.

त्याच्या खालच्या ओळीनं मात्र पोरगं चक्रावलं. 'वापरात असलेला ड्रायव्हर' म्हणून तिथं बीसीएमए-पीसीआय-ब्रिज असं नाव होतं. ड्रायव्हर आहे, मग वायफाय का नाही? तर बीसीएमए चिपच्या आतल्या बसशी, म्हणजे तिच्या भागांना जोडणाऱ्या वाटेशी, बोलतो, तेवढंच. प्रत्यक्ष रेडिओ चालवणारा ड्रायव्हर त्याच्यावर बसावा लागतो, आणि या चिपसाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तसा मोकळा ड्रायव्हर नाही. कंपनीचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो, त्याचं नाव डब्ल्यूएल. उबुंटू आणि मिंटमध्ये त्याचं पॅकेज बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स, डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकारात ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस. ते बसलं की बीसीएमए, बी४३ वगैरे दुसऱ्या ड्रायव्हरांना काळ्या यादीत टाकतं, म्हणजे चिपवर भांडण होत नाही.

पण पॅकेज आणायला नेट हवं, आणि नेटसाठी पॅकेज! यावर मोबाइल केबलनं जोडा आणि यूएसबी टिथरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट केबलमधून देणं, चालू करा. लिनक्सला तो तारेच्या नेटसारखाच दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मोबाइल कारखान्याच्या वायफायवर असला तर तेच नेट केबलमधून पुढं जातं, डेटासुद्धा खर्च होत नाही. मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला, ब्रॉडकॉमसमोरची खूण केली, झालं.

झालं म्हणजे, अर्धं झालं. सिक्युअर बूट, म्हणजे चालू होतानाची सुरक्षा तपासणी, चालू असेल तर कर्नल ओळखीची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं तुसडं उत्तर देतो. म्हणून ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तो दहा सेकंदच थांबतो. त्यात कुठलीही कळ दाबून 'एनरोल एमओके' (म्हणजे ही सही मान्य) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. मी पोराला बजावलं, स्क्रीनसमोरून हलायचं नाही, चहा आला तरी. ती वेळ हुकली तर मोकयूटिल या आज्ञेनं पुन्हा विनंती टाकत बसावं लागतं. लॅपटॉप उठला आणि नेटवर्कच्या यादीत शेजारच्या तीन कारखान्यांची नावं आली. साडूंना त्यात आपलं नाव सापडायला जरा वेळ लागला, ते सोडा.

ड्रायव्हर बसलेला असूनही वायफाय मेलेलं असेल तर टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट देऊन रेडिओ कुणी बंद केलाय का ते बघा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर बाजूचं बटण किंवा एफएन कळ.

आणि एलएसपीसीआयच्या यादीत कार्डच नसेल तर? तोही प्रकार त्याच कारखान्यात झाला, मागांच्या खोलीतल्या दुसऱ्या लॅपटॉपवर. तिथं कितीही ड्रायव्हर ओता, उपयोग शून्य. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वायरलेस बंद नाही ना, हे बघितलं आणि पाठ उघडली. आत सुताचा बारीक धुरळा असा बसला होता की पंख्याची पाती दिसेनात. आधी बॅटरीची पिन काढली. वायफाय कार्ड एकाच बारक्या स्क्रूवर असतं, त्यावर काळी आणि पांढरी अशा दोन तारा टिचबटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. तारा सुटल्या तर रेंज जाते, पण कार्ड यादीतून जात नाही. यादीतून गेलं म्हणजे खाचेत गडबड. कार्ड काढलं, मऊ ब्रशनं खाच झाडली, परत नीट बसवलं. चालू केल्यावर ८०८६ ची ओळ आली आणि खाली आयडब्ल्यूएलवायफाय. इंटेलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्यामुळं पुढं काही करावं लागलं नाही.

तेव्हा मला व्हॉट्सॲपवर "वायफाय येईना" एवढंच पाठवू नका. त्या यादीतल्या नेटवर्क कंट्रोलरच्या तीन-चार ओळींचा फोटो पाठवा, आणि जमलं तर सरळ धरून काढा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की नेमका क्रमांकच वाचता येत नाही.