फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’

तारकर्ली-देवबागच्या दिवसभराच्या पॅकेजमध्ये डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, स्कूबा, त्सुनामी आयलंडवरची बनाना आणि जेटस्की, कर्ली नदीतली फेरी आणि वेळ उरलाच तर सिंधुदुर्ग किल्ला असा ऐवज असतो. पाटीवर क्रम कसाही लिहिलेला असो, खरा क्रम तिथी आणि वारा ठरवतात. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो तोवर पाणी शांत. अकरा-साडेअकराला वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो आणि बोट डुलायला लागते. म्हणून डॉल्फिन आणि स्कूबा सकाळी, बाकीची धमाल दुपारी. भरतीच्या पाण्यात खालचं दिसतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की नदीचं गढूळ पाणी बाहेर येतं आणि दृश्यता निम्मी होते. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. आमच्याकडे ती त्याच्या आधीच लागते.

त्या दिवशी द्वादशी होती, म्हणजे मुंबईला नऊ आणि आमच्याकडे पूर्ण भरती सव्वाआठ-साडेआठच्या आतबाहेर. किल्ल्याजवळ आठला पाण्यात उतरायचं तर देवबागहून साडेसहाला बोट सुटायला हवी. पाहुणे रात्रभर गाडी चालवून आलेले, दोन कुटुंबं मिळून सहा जण, सव्वासातला किनाऱ्यावर उगवले. त्यातही एकाला चहा हवा होता. पर्यटकांना तास म्हणजे तास वाटतो, पण आमच्याकडे गेलेला तास म्हणजे खाली दिसणारे तीन मीटर.

स्कूबाला लोकांना पाण्यात मी उतरवतो, म्हणून बोटीत बसण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतो. दमा, हृदयविकार, फिट, रक्तदाब, सायनस, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, गेल्या चोवीस तासांत घेतलेली दारू. सहाही जणांनी दीड मिनिटात सगळीकडे ‘नाही’ लिहून सह्या ठोकल्या. एकाने तर माझ्यासमोरच बायकोच्या फॉर्मवरून आपला फॉर्म उतरवून काढला. पॅकेज विकणारा एजंट फॉर्मबद्दल अवाक्षर काढत नाही. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तो दिसतो ते पैसे भरून, चारशे किलोमीटर प्रवास करून, लाइफ जॅकेट घालताना. तेव्हा कोण ‘हो’ लिहिणार?

डॉल्फिनचं आधी सांगतो. आमच्या किनाऱ्याजवळ दिसतात ते हम्पबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. उथळ पाण्यात, नदीच्या मुखाजवळ ते बोय, तारली, बांगड्याच्या मागे असतात. शोधताना पाण्याकडे कमी आणि पक्ष्यांकडे जास्त बघायचं. कुरव एका जागी घिरट्या घालून सूर मारायला लागले की खाली मासळीचा थवा असतो. काकण घारही तिथे येते. कळप दिसला की इंजिन मंद करायचं, त्यांच्या वाटेच्या आडवं जायचं नाही, मागून लागायचं नाही. बाजूने समांतर, निदान पन्नास मीटर सोडून चालायचं आणि मग इंजिन न्यूट्रल. त्यांना बोटीची ओळख पटली की ते दर एक-दोन मिनिटांनी वर येत राहतात. पिल्लू सोबत असेल तर ते आईच्या बगलेला चिकटून श्वास घेतं. पाठलाग झाला की कळप फुटतो, बुड्या लांबतात, दिशा बदलतात, आणि पिल्लाचं दूध पिणंही तुटतं. डॉल्फिन 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. वाघाच्या मागे जिप्सी पळवली तर बातमी होते. इथे रोज सकाळी आठ-दहा बोटी धावतात आणि त्याचे व्हिडिओ जाहिरातीला वापरले जातात.

त्या सकाळी पाच-सहा डॉल्फिन होते, त्यात एक पिल्लू. आम्ही थांबलो. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, इंजिन न्यूट्रलला टाकलं. तेवढ्यात उत्तरेकडून चार बोटी आल्या, फुल थ्रॉटलवर, आणि कळपाला अर्धगोल करून उभ्या राहिल्या.

आमच्यातले एक साहेब, चाळिशीचे, धडधाकट, म्हणाले, “ती बघा ती बोट किती जवळ गेली. आपणही घ्या की पुढे.”

तांडेल म्हणाला, “पाठी लागलंस तर ते बुडी मारतले.”

त्यांनी बुडी मारलीच, पण त्याआधी त्या बोटीतल्यांना दहा मीटरवरून पाठ दिसली होती आणि आमच्यांना साठ मीटरवरून. पुढची पंचवीस मिनिटं आम्हाला काही दिसलं नाही. त्यांनाही नाही. पण फोटो त्यांच्याकडे होता.

किल्ल्याजवळ पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले होते. हा सगळा भाग 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातला, 29.12 चौरस किलोमीटर. त्यात किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे खडक हा गाभा. खाली प्रवाळ आहे, म्हणून नांगर वाळूतच टाकायचा. नांगर प्रवाळावर पडला की बोट वाऱ्याने फिरेल तशी दोरी गोलाकार घासत जाते, आणि वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी वसाहत एका सकाळीत मोडते.

स्कूबा म्हटलं की लोक ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात. आत साधी हवा असते, गाळून, कोरडी करून, 200 बार दाबाने भरलेली. दहा लिटरच्या टाकीत दोन हजार लिटर हवा. पहिल्यांदा उतरणारा माणूस घाबरून मिनिटाला वीस-पंचवीस लिटर ओढतो, सहा मीटरवर त्याच्या दीडपटीहून जास्त. वीस मिनिटांत ऐंशी बारच्या आसपास संपतात, म्हणजे हवा पुरते. हवा संपणं ही आमची चिंता कधीच नसते.

खरं काम शिडीवर होतं. माणूस शिडी धरून छातीभर पाण्यात उभा. कमरेला चार ते सहा किलो शिसं. मास्कच्या कडेखाली एक केसही राहता कामा नये. मिशी असेल तर व्हॅसलिनचा हात, तरी थोडं पाणी शिरणारच. काच धुके धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. मग तोंडाने श्वास. दहा माणसांत चार जणांना नाकाने श्वास न घेता राहणंच जमत नाही. मास्क आत ओढला जातो, नाकात पाणी जातं आणि हात आपोआप रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तोंडातला तुकडा, ओढून काढायला जातो. मी तोंडापाशी हात तयारच ठेवतो. कान: नाक दाबून हलकं फुंकायचं, पहिल्या अर्ध्या मीटरपासून, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर फुंकलं तर कानाची नळी बंदच राहते. मग वर यायचं, परत खाली. सर्दीची गोळी घेऊन उतरलेला माणूस सगळ्यात फसवा. खाली जाताना कान मोकळा असतो, गोळीचा असर उतरतो आणि वर येताना कोंडतो.

आणि एक नियम, जो मी मराठीत, हिंदीत आणि हाताने, तिन्ही तऱ्हांनी सांगतो: श्वास कधीही रोखायचा नाही. सहा मीटरवर छातीत पाच लिटर हवा असेल तर वर येताना पाण्याचा दाब उतरतो आणि ती आठ लिटर होते. ती बाहेर गेली नाही तर फुप्फुस फाटतं. त्याला सहा मीटरही लागत नाहीत. पूर्ण भरलेल्या छातीने दीड मीटर वर येणं पुरतं. दम्यात हेच होतं. श्वासनळ्या आकसून हवा आत अडकते आणि माणूस श्वास रोखत नसतानाही फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्याने तो रोखलेला असतो. त्यातून टाकीतली हवा कोरडी, खोकला काढणारी.

साहेबांचा नंबर तिसरा होता. शिडीवर दोन मिनिटांतच ते खोकायला लागले. खारं पाणी घशात गेलं की सगळेच खोकतात, पण रेग्युलेटरमधून येणाऱ्या श्वासाच्या शेवटी मला बारीक शिट्टी ऐकू आली. तेवढ्यात बोटीतून बायको म्हणाली, “अहो, सकाळी पंप मारलात ना?”

मी त्यांना वर घेतलं. ते म्हणाले, दमा लहानपणी होता. आता फक्त थंडीत, तेही कधीतरी. पंप पिशवीत असतो तो नावाला. मी म्हटलं, साहेब, स्कूबा नाही. जॅकेट घालून वरूनच स्नॉर्केलिंग करा, मी हात धरून नेतो, तासभर नेतो. या पाण्यात वरूनही गोबरा दिसतो, तांबोशीची पिल्लं दिसतात, नशीब असेल तर कपारीत शेवंडाच्या मिशा.

ते खूप चिडले. “पैसे पूर्ण घेतलेत तुम्ही. सकाळी डॉल्फिनला पण असंच.” त्यांच्या मेव्हण्याने, जो एव्हाना खाली जाऊन आला होता, मध्ये तोंड घातलं, “काही नाही हो, सोपं आहे.” सोपंच असतं. नव्वद टक्के लोकांना मी पाण्यात नुसता उचलून फिरवत असतो. ते पाय हलवतात, मी त्यांची हवा, खोली, कान सगळं बघतो. सोपं दिसावं हाच तर धंदा आहे.

स्कूबाचे पैसे परत केले. स्नॉर्केलिंगला ते उतरले नाहीत.

दुपारी सगळ्यांना त्सुनामी आयलंडला सोडलं. कर्लीच्या मुखाजवळचा हा वाळूचा दांडा, 2004च्या त्सुनामीने वर आला असं सांगतात. तिथे पाण्याचे खेळ चालवणाऱ्यांची झुंबड असते. बनाना बोटीचं इतकंच सांगतो: चालक मुद्दाम उलटवतो, ते पॅकेजमध्येच धरलेलं असतं, म्हणून चष्मा, बांगड्या, मोबाइल आधी काढायचे आणि सुकतीच्या जोरात मुखाकडे उलटवणाऱ्याच्या बोटीवर बसायचं नाही, कारण पडलेली माणसं पाणी बाहेरच्या बाजूला ओढून नेतं.

चारला परत घ्यायला गेलो तेव्हा सहातले पाचच होते. साहेब अर्ध्या तासाने दुसऱ्याच बोटीतून आले, केस ओले, चेहरा उजळलेला. त्यांनी दुसऱ्याकडे स्कूबा केली होती, दुपारी दीडला, वाऱ्यात, सुकतीच्या पाण्यात. फॉर्मवर परत सगळीकडे ‘नाही’. आणि त्यांना काहीही झालं नव्हतं. शिट्टी नाही, खोकला नाही. ते मला म्हणाले, “तुम्ही उगाच घाबरवता लोकांना.” मी विचारलं, रात्री घाटाने वर जाणार का? म्हणाले, जेवून लगेच. डाइव्हनंतर लगेच उंचावर जाऊ नये म्हणतात; उथळ डाइव्हला घाटाचा धोका नगण्य, तरी रात्र मालवणात काढलेली बरी, एवढं सांगितलं. गाडी रात्रीच गेली.

आठवड्याने त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर त्या स्कूबाचा व्हिडिओ पाठवला, दोन हसऱ्या चेहऱ्यांसकट. त्या लोकांनी छान काढलाय. ब्रेडचा तुकडा हातात, भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. ब्रेड मी कधी वापरत नाही. त्याने मासे बोटाला चावायला शिकतात आणि प्रवाळावरचं शेवाळ खाण्याचं त्यांचं काम सुटतं. दुसरा हात प्रवाळावर टेकलेला, अंगठ्याखाली तो पांढरा झालेला दिसतो. प्रवाळही पहिल्याच अनुसूचीत आहे, पण त्याचं कोणाला काय.

मी बघतो तो शेवटचा भाग. इन्स्ट्रक्टरने टाकीच्या पट्ट्याला धरून त्यांना वर आणलंय, जरा भरभर. तळापासून अर्ध्यापर्यंत तोंडातून बुडबुडे निघतात. मग थांबतात. पृष्ठभाग दिसायला लागल्यावर त्यांनी श्वास धरलाय, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवण्यासाठी. अंदाजे दोन मीटर. पाण्याबाहेर डोकं येतं, रेग्युलेटर पडतो, हसू.

तो तुकडा कापून मी त्या इन्स्ट्रक्टरला पाठवला. पोरगा वाईट नाही, पोहण्यात माझ्यापेक्षा सरस आहे, पण दिवसाला इतक्या लोकांना उतरवतो की वर आणताना त्याचं लक्ष पुढच्या माणसाच्या मास्ककडे असतं. त्याचं उत्तर आलं, “झाला काय त्येका? नाय ना?”

नाही झालं. मी कोणाला काय दाखवणार? दहा मीटरवर गेलेल्या बोटीतल्यांना डॉल्फिन दिसले, दम्याचा माणूस खाली जाऊन हसत वर आला. मी ज्या ज्या गोष्टीला नाही म्हटलं ती शेजारच्या बोटीत त्याच दिवशी झाली, आणि बरी झाली.

फॉर्म आता मी शेवटी भरून घेतो. आधी गप्पा मारत विचारतो, पिशवीत औषधं काय काय आहेत, प्रवासात लागतात म्हणून. दमा आहे का विचारलं तर माणूस नाही म्हणतो. औषधं विचारली की पंप, गोळी, थेंब सगळं मोजून सांगतो, कारण काळजी घेतो हे दाखवायचं असतं. आणि नवऱ्याचं बायकोला विचारायचं, बायकोचं नवऱ्याला. गेल्या रविवारी एका बाईंनी अशाच गप्पांत सांगितलं, “बीपीची एकच, ती पण अर्धी.” मी म्हटलं, ताई, डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर बघू, नाहीतर आज स्नॉर्केलिंग. त्या तयार होत्या. नवऱ्याने मागच्या पाटीवरचा नंबर मोबाइलमध्ये टिपायला सुरुवात केली होती.