पोरगं पगार विचारतंय म्हणजे कामचुकार आहे का?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून मला येणाऱ्या मेसेजचा नूरच पालटलाय. आधी लोक विचारायचे, एमएसला कुठली युनिव्हर्सिटी चांगली. आता विचारतात, तिकडे प्लंबरला किती मिळतं, इलेक्ट्रिशियनला किती, आणि आमचा पुतण्या आयटीआय झालाय त्याला डायरेक्ट घेतील का. मी राहतो श्टुटगार्टजवळ, म्हणजे बरोब्बर त्याच राज्यात, त्यामुळे लोकांना वाटतं मला सगळं ठाऊक. सगळं नाही, पण गेल्या वर्षी घरातलं बाथरूम फोडून नवीन करून घेतलं, त्या निमित्ताने बरंच काही जवळून बघायला मिळालं, ते लिहितो.

त्याआधी आमच्या मामाचं सांगतो. मामाचं सांगलीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, शेड, जिने, असलं काम. फोन केला की सुरुवात ठरलेली. "पोरं टिकत नाहीत रे. आला की पहिला प्रश्न पगार किती, दुसरा प्रश्न सुट्टी कधी. अजून धड वेल्डिंगचा होल्डर धरता येत नाही आणि म्हणतोय पंधरा हजार पायजेत. आम्ही उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं नुसत्या चहावर काढली." मग शेवटी, ह्यापेक्षा डिलिव्हरीची गाडी फिरवतो म्हणून निघून गेलेल्या कुठल्यातरी पोराचा उद्धार.

आणि गंमत बघा, आमच्या बाथरूमचं काम करायला आलेला मास्टर (म्हणजे कारागिरीची वरची परीक्षा पास झालेला, स्वतःचा धंदा असलेला उस्ताद), वय साठीच्या पुढे, पिढीजात हीटिंग आणि नळजोडणीवाला, त्याने दुसऱ्याच दिवशी कॉफी पिता पिता मला शब्द न् शब्द हेच ऐकवलं! फक्त सांगलीच्या जागी श्वाबेन, म्हणजे आमचा हा भाग, आणि चहाच्या जागी बिअर. ह्या पोरांना घाम नको, फोन पाहिजे, चार वाजले की हातातलं टाकून पळतात. आमच्या वेळी मास्टरने कानाखाली दिली तर घरी सांगायची सोय नव्हती, बाप अजून एक द्यायचा.

आता तो ज्याच्याबद्दल बोलत होता ते पोरगं मी रोज बघत होतो. सतरा वर्षांचं, शिडशिडीत, कानात बाळी, सकाळी सातच्या ठोक्याला दारात हजर. बूट काढून प्लास्टिकचे मोजे चढवायचे, पॅसेजमध्ये कापड अंथरायचं, मग हत्यारं आत. एके दिवशी मास्टरने त्याला भिंतीवर मीटरची रेघ मारायला लावली. तयार फरशी जिथे येणार त्याच्यापासून बरोबर एक मीटर वर भिंतीभर एक आडवी रेघ मारतात, मग कमोडची फ्रेम, बेसिन, शॉवरचा नळ, सगळ्यांची मापं तिच्यावरून घेतात, म्हणजे रेघ चुकली की सगळं बाथरूम चुकलं. पोराने रेघ मारली. मास्टरने लेझर लावला, एका कोपऱ्यात चार मिलिमीटरचा फरक. काही बोलला नाही, शिव्या नाहीत, ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि पेन्सिल परत पोराच्या हातात. पोराने दुसऱ्यांदा मारली. परत लेझर. तिसऱ्यांदा बरोबर आली. ह्या सगळ्यात पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासाचे पैसे कोण देतंय, मी, हे माझ्या डोक्यात चालू होतं, कोकणस्थ आहे मी, काय करणार.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला पोरगं झाडू मारायला लागलं आणि मास्टरला अजून एक पाइप बसवायचा होता. मास्टर म्हणाला, अर्धा तास थांबतोस का. पोरगं शांतपणे म्हणालं, "माझे तास भरले. उद्या शाळा आहे." आणि निघून गेलं. मास्टरने माझ्याकडे असं बघितलं की बघा, सांगत होतो ना. पण खरं सांगू का, मास्टरला पण माहीत होतं की पोरगं चुकीचं नाही. अठराच्या खालच्या पोराला दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तासांच्या वर राबवायचं नाही असा इथे कायदा आहे, आणि रोज काय शिकला ते त्याला एका वहीत लिहायचं असतं, ती वही कंपनीने तपासायची, ती पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही.

ह्या सगळ्याला, म्हणजे कामावर राहून धंदा शिकण्याला, इथे आउसबिल्डुंग म्हणतात. नळ-हीटिंगवाल्यांचं साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले एक-दोन दिवस सरकारी शाळेत, बाकीचे कंपनीत कामावर, आणि शाळेच्या दिवसांचा पण पगार चालू. हा पगार किती असावा ह्याला २०२० पासून कायद्याने खालची मर्यादा घातलीय. तेव्हा पहिल्या वर्षाला महिन्याला ५१५ युरो होती, २०२६ मध्ये सुरू करणाऱ्याला ७२४, आणि पुढच्या वर्षांना चढत जाते. बऱ्याच कंपन्या ह्यापेक्षा जास्त देतात कारण नाहीतर पोरं मिळतच नाहीत. आमच्या भागात तर मोटारीच्या मोठ्या कारखान्यांमध्ये शिकाऊ पोराला पहिल्याच वर्षी हजाराच्या वर मिळतात, वर एसी हॉल, कँटीन. मग कुणाच्या तरी घरात गुडघ्यावर बसून तुंबलेला पाइप मोकळा करायला कोण येणार?

आता ७२४ युरोचे रुपये करून खूश होऊ नका. इथे साधा मोठ्या माणसांचा किमान पगार २०२६ पासून तासाला १३ युरो ९० सेंट आहे. म्हणजे काहीही न शिकता गोडाउनमध्ये खोके उचलले तरी पूर्ण वेळेचे महिन्याला साधारण २,४०० होतात, टॅक्स कापायच्या आधी. आणि शिकाऊ पोराला हा किमान पगार लागू नाही. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं हिशोब करतं की मित्र खोके उचलून माझ्या तिप्पट कमावतोय आणि मी इथे रेघा पुसतोय. मामाचं डिलिव्हरीवालं पोरगं आणि हे, दोघांच्या डोक्यातलं गणित एकच आहे, आणि गणित म्हणून ते बरोबरच आहे की! सरकारला पण हे कळतं, म्हणून अठराच्या खालच्या आणि काही न शिकलेल्या पोरांना किमान पगाराच्या कायद्यातून मुद्दाम बाहेर ठेवलंय, नाहीतर दहावी झाली की सगळी गोडाउनला पळतील. तरी पण आउसबिल्डुंगचे जवळपास ३० टक्के करार मधेच मोडतात. त्यातले बरेच जण दुसऱ्या कंपनीत जाऊन पुढे शिकतात, सगळेच सोडून देत नाहीत, पण आकडा काही लहान नाही.

मला जे म्हणायचंय ते असं की इथे पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी कागदावर होतं. कुठल्या वर्षी किती, सुट्ट्या किती, तास किती, ट्रायल किती दिवस (कमीत कमी एक महिना, जास्तीत जास्त चार), सगळं करारात, आणि तो करार कारागिरांच्या चेंबरकडे नोंदवलेला. त्यामुळे पोराने पगार विचारला म्हणून कुणी त्याला उद्धट म्हणत नाही, आणि एकदा ते बोलणं संपलं की मग राहतं काम. ते पोरगं चारला गेलं हे खरं, पण सात ते चार मध्ये मी त्याला एकदाही फोन काढताना बघितलं नाही, नऊच्या नाश्त्याच्या सुट्टीत सोडून. आपल्याकडे उलट होतं, पगाराचं "बघू रे, तू कामाला तर लाग" असं अधांतरी ठेवायचं, तास बिनमोजणीचे, आणि मग पोरगं मन लावून काम करत नाही म्हणून बोंब मारायची. मामाला मी हे बोललो तर मामा म्हणाला, "तुझ्या जर्मनीत गिऱ्हाईक पैशे वेळेवर देतं, हिकडं बिल्डर सहा महिने फिरवतोय, मी पोराला कुठनं देऊ?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मुद्दा बरोबर आहे, मामाच्या हातात पैसे आले तर पोराच्या हातात जातील ना.

आणि इथलं गिऱ्हाईक तरी कसं देतं ते बघा. आमचं बिल आलं तेव्हा मी दोन मिनिटं खुर्चीत बसून राहिलो. मास्टरचा तास सत्तर युरोच्या घरात, शिकाऊ पोराचा त्याच्या अर्ध्याहून थोडा जास्त, गाडी घेऊन आल्याचे वेगळे, सगळ्यावर १९ टक्के टॅक्स. पुसलेल्या रेघेसकट. पहिल्यांदा वाटतं लुटलं. मग कळतं की त्या सत्तरमधून कामगाराच्या आरोग्य विम्याचा आणि पेन्शनचा मालकाचा वाटा जातो, वर्षाची पगारी सुट्टी जाते, आजारी पडला तर सहा आठवडे मालकाने पगार द्यायचा तो जातो, पोरगं शाळेत बसलेलं असतं ते दिवस पण कुठून तरी भरून काढायचे असतात. आणि सरकार एक गोड गोष्ट करतं, मजुरीच्या २० टक्के, वर्षाला १,२०० युरोपर्यंत, माझ्या इन्कम टॅक्समधून कमी करतं. अट एकच, बिल पक्कं पाहिजे आणि पैसे बँकेतून गेले पाहिजेत, रोख दिले की सवलत गेली. म्हणजे गिऱ्हाईकच बिल मागून घेतं. तरी रोखीतलं दोन नंबरचं काम इथे चालतंच, जर्मन पण माणूसच आहे.

आता ज्यांचे पुतणे तयारीत आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. साडेतीन वर्षं पूर्ण केलेला, परीक्षा पास झालेला कारागीर समजा ३,२०० युरोवर लागला, तर एकट्या माणसाच्या हातात कापून साधारण २,१०० ते २,२०० पडतात, आणि श्टुटगार्टमध्ये एका खोलीचं भाडंच सातशे-आठशेला सुरू होतं, मिळाली तर. लखपती वगैरे होत नाही कुणी. पण पुढे मास्टर झालात तर त्या सर्टिफिकेटची पातळी इथल्या सरकारी चौकटीत बॅचलर डिग्रीच्या बरोबरीने धरतात आणि स्वतःचा धंदा काढता येतो. आपला आयटीआयचा कागद आपोआप चालत नाही, तो इथल्या आउसबिल्डुंगशी ताडून बघतात, काय कमी पडतं ते सांगतात, मग ते इथे भरून काढायचं. आणि भाषा. भाषेशिवाय कुणी एजंट "सगळं होतं" म्हणत असेल तर त्याला लाखभर देण्याआधी जरा दम धरा. गिऱ्हाईकाच्या घरात उभं राहून पाणी कुठून बंद करायचं हे विचारता आलं पाहिजे, आणि तेही इथली श्वेबिश बोली बोलणाऱ्या आजीबाईंना. माझी इतकी वर्षं झाली तरी त्या काय म्हणतात ते निम्मं डोक्यावरून जातं.

शिकून आलेल्या पोराला इथल्यापेक्षा कमी पगारात लावायचं असा कुणाचा बेत असेल तर तो सहज जमत नाही, व्हिसाच्या वेळी सरकारी रोजगार कचेरी तपासते की त्याच कामाला इथल्या माणसाला जेवढं मिळतं तेवढं ह्याला मिळतंय का. कागदावर तरी. गाववाले तोंडी काहीबाही कबूल करून बसतात, ते करू नका.

आमच्या मास्टरला मुलगा नाही, मुलगी शाळेत शिकवते, धंदा कुणाला द्यायचा हा त्याच्यापुढे प्रश्न आहे. बाळीवालं पोरगं थांबेल का म्हणून विचारलं तर म्हणाला, थांबेल, पण त्याने आत्ताच सांगितलंय की पास झाल्यावर शुक्रवारची सुट्टी पाहिजे, सोमवार ते गुरुवार जास्त तास करतो म्हणतो. आसपासच्या काही कंपन्यांनी चार दिवसांचा आठवडा सुरू केलाय, त्यामुळे ह्याला नाही म्हणता येत नाही. मग मास्टरने पेपरात वाचलेल्या महाराष्ट्राच्या कराराचा विषय काढला आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडची मुलं आली तर किती मागतील?"

मी म्हटलं, ह्याला देता तेवढं.

जरा वेळ गप्प बसला, कॉफी संपवली आणि म्हणाला, "शुक्रवारी येतील ना पण?"