‘उद्या सांगतो’ला इंग्रजीत विल लागतं

इंग्रजीतल्या साध्या भविष्यकाळाची रचना एका ओळीत संपते: आधी कर्ता, मग विल, मग क्रियापदाचं मूळ रूप. जाईन, जाशील, जातील अशी रूपं पाठ करायची भानगड नाही. म्हणून ‘शी विल गोज’ चूक आणि ‘विल कॅन’ही चूक, ‘जमेल’ म्हणायचं असेल तर ‘विल बी एबल टू’.

चुका होतात त्या वेगळ्याच जागी. उद्याचं बोलताना आपण मराठीत भविष्यकाळ वापरतोच असं नाही. ‘उद्या सांगतो’, ‘मी बघते’ यांत वर्तमानकाळ. ‘आलोच दोन मिनिटांत’ यात तर चक्क भूतकाळ! दाराची बेल वाजते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘थांब, मी उघडते.’ हेच इंग्रजीत नेलं की ‘आय ओपन’ किंवा ‘आय ॲम ओपनिंग’ होतं. त्या क्षणी ठरवलेल्या कामाला तिथे विलच हवं: ‘आय विल ओपन इट’, बोलताना नुसतं ‘आय्ल’. ‘उद्या सांगतो’ म्हणजे ‘आय विल टेल यू टुमॉरो’. आधीच ठरलेलं असेल, तर मराठीत -णार येतं आणि इंग्रजीत बहुधा गोइंग टू. ‘मी गाडी विकणार आहे’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग टू सेल माय कार’.

उलटी चूकही तितकीच होते. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत व्हेननंतरचं विल गळतं: ‘आय विल टेल यू व्हेन ही कम्स’. इफ, अंटिल, बिफोर, ॲज सून ॲज यांच्यानंतरही तसंच. पण ‘तो कधी येईल ते विचार’ म्हणायचं तर ‘आस्क व्हेन ही विल कम’ बरोबर. व्हेन तोच, मग फरक कसा ओळखायचा? मराठीत ‘तेव्हा’ बसत असेल तर विल काढा, ‘कधी’ बसत असेल तर राहू द्या.

आय आणि वी यांना शाल, बाकीच्यांना विल, हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज विद्वानाच्या 1653 च्या व्याकरणात आहे. आजच्या बोलण्यात त्याचं ओझं नको. शाल राखून ठेवा ‘-ऊ का’साठी. ‘खिडकी उघडू का?’ म्हणजे ‘शाल आय ओपन द विंडो?’ आणि ‘निघूया का?’ म्हणजे ‘शाल वी गो?’ इथे विल घातलं की वाक्य विचित्र वाटतं.

विल नॉटचं होतं वोन्ट. गाडी सुरू व्हायला तयारच नसेल, तर ‘द कार वोन्ट स्टार्ट’. काळ आत्ताचाच, पण नकार विलचा. उच्चारात ‘वो’ लांबवा. तो ‘वॉ’कडे झुकला की ‘आय वोन्ट गो’चं ‘आय वॉन्ट गो’ होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तुम्हाला जायचंय.